बेशुद्धीची तालीम

गोष्ट दोन हजार बावीस सालची. लोकांनी मास्क खुंटीला टांगले होते, शाळा-कॉलेजं पुन्हा भरली होती, आणि जालन्यात अंबड रोडला एका बियाणांच्या गोदामामागं अग्निशमनाचं कॉलेज सुरू झालं होतं. कॉलेज म्हणजे भाड्याचं पत्र्याचं शेड, पुढं मैदान, मैदानात लोखंडी पाइपांचा उंच मनोरा आणि एक जुना लाल बंब. बंब चालत नव्हता, पण त्याची शिडी चालत होती. त्या तुकडीत मुलगे भरपूर आणि मुली दोनच, घनसावंगीची कल्याणी आणि आष्टीची संध्या.

दोघी राहायच्या प्रेमलाबाईंच्या पुढच्या खोलीत. बाई तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पार्थ पुण्याला कंपनीत, आणि घर कॉलनीतलं, साधं, स्लॅबचं, पुढं जास्वंद. सगळी नोकरी त्यांनी जालन्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. बोर्डावरचं शटर पडलं की प्लग खुपसायचा, "नंबर प्लीज" म्हणायचं, जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही ही तिथली शिस्त. चोरून सगळ्याच ऐकायच्या, ती गोष्ट वेगळी. पण एक फोन असा असायचा की तो ऐकावाच लागायचा. कापसाच्या कुठल्याशा जिनिंगमधून माणूस ओरडायचा, "बाई, आग लागली, बंब पाठवा!" बाई बंबवाल्यांना जोडून द्यायच्या, तिकडची घंटा कानावर पडायची, की प्लग मोकळा. पुढं काय झालं, कोण सुटलं, कोण राहिलं, ते कळायचं नाही. पेपरात आलं तर आलं. चौऱ्याहत्तर साली धान्याच्या मोंढ्याकडून असाच एक फोन आला होता. माणूस नुसतं "बाई" म्हणाला, खोकला, आणि मग लाइन उघडीच राहिली. त्या माणसाचं काय झालं हे प्रेमलाबाईंना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

त्यामुळं असेल किंवा घर रिकामं म्हणून असेल, पोरी संध्याकाळी दमून आल्या की बाई विचारायच्या, "आज काय शिकवलं गं?" आणि पोरी भाकरी मोडता मोडता सांगायच्या. तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही. कापसाच्या गंजीवर एकदम जोराची धार मारायची नाही, पेटता कापूस उडून शेजारच्या गंजीवर जातो. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत सरकायचं, तिथं हवा असते.

"आम्ही नुसत्या घंटा ऐकल्या," बाई म्हणायच्या. "आतलं हे काहीच ठाऊक नव्हतं."

संध्या बोलायला कमी, कामाला वाघ. आल्या दिवशी तिनं खिडकीत बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवला आणि विचारलं, "आज्जी, इथं ठेवला तर चालंल ना?" बाई म्हणाल्या, "खिडकीत ऊन येतं, उडून जाईल रंग. कपाटावर ठेव." मग फोटो कपाटावर गेला, बाईंच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी. तिचा बाप संपत आष्टी ते परतूर जीप चालवायचा. त्याचं म्हणणं होतं, पोरीनं मास्तरीण व्हावं. संध्यानं हट्ट धरला, तेव्हा त्यानं एका वर्षाची कबुली दिली. पुढच्या वर्षी धाकटा संघपाल बारावी होऊन जालन्याला यायचा होता, आणि दोघांना घराबाहेर ठेवणं संपतला झेपणारं नव्हतं. "एका सालात पास झाली तर तुझी आग अन् तू," तो म्हणाला होता. "न्हाई झाली तर गपगुमान घरी यायचं, अन् मी सांगंल ते शिकायचं." संध्यानं ते मान्य केलं होतं. लेखी परीक्षेत ती तुकडीत पहिली आली होती. शिडी, दोर, पाइप, सगळ्यात तिचे गुण चांगले होते. एकच परीक्षा उरली होती, जखमीला उचलून बाहेर आणायची.

ही उचल अशी असते. खाली पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं, आपला खांदा त्याच्या पोटाखाली घालायचा, एक हात त्याच्या मांड्यांमधून घालून त्याचाच उजवा हात पकडायचा आणि उठायचं. मेंढपाळ कोकरू खांद्यावर टाकतात तसा माणूस आपल्या मानेवर आडवा येतो. सरावाला वाळूचं पोतं चालतं. परीक्षेला मात्र पन्नास किलोच्या वरचं हाडामांसाचं माणूस लागतं, कारण पोतं लोंबकळत नाही आणि माणूस लोंबकळतं. मुलगे मुलग्यांना उचलायचे. मुलींनी मुलींनाच उचलायचं, असा संस्थाचालकांचा हुकूम होता. कुणाच्या तरी पालकांनी सुरुवातीलाच तक्रार केली होती. कॉलेजनं एक बाहुला शिवून घेतला होता, पण त्यात भरला होता सरकीसकट कापूस. एका पावसाळी दिवशी तो बाहेर राहिला, भिजला, फुगला आणि त्याला असा वास सुटला की सफाईवाल्या कांताबाईंनी नाकाला पदर लावून तो उकिरड्यावर नेला. तेव्हापासून संध्या कल्याणीला उचलायची आणि कल्याणी संध्याला.

परीक्षा तोंडावर आली आणि कल्याणीला तलाठ्याची नेमणूक मिळाली.

पेढे आले. कल्याणीनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, ट्रॅक पॅन्ट आणि बूट खोलीतच विसरली, आणि घनसावंगीच्या गाडीत बसून निघून गेली. संध्यानं पेढा खाल्ला, गाडी वळणाआड गेली, आणि मग ती ओट्यावर येऊन बसली.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काई न्हाई. चांगलं झालं तिचं." तिनं पायातले बूट सोडले. "आता मी उचलू कुणाला, आज्जी?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं माणूस शोधायला सुरुवात केली. संस्थेच्या ऑफिसातली वंदना पोटुशी होती. कांताबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ए बाई, मला आडवं टांगून मैदानात मिरवशील, अन् उद्या पोरं मला केरसुणी हातात धरू देणार न्हाईत." आईला बोलवावं तर ती अंगानं काटकी, चाळीस किलोसुद्धा भरायची नाही. ओळखीच्या मुलींनी कानावर हात ठेवले. कॉलेजातले जगन्नाथ मास्तर म्हणाले, नियम नियम आहे, जखमी नाही तर उचल नाही, उचल नाही तर प्रमाणपत्र नाही. पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा दे.

पुढची तुकडी म्हणजे पुढचं साल. तोवर आष्टीची जीप दारात उभी राहिली असती.

प्रेमलाबाईंनी हे सगळं लसूण सोलता सोलता ऐकलं. परवाच डॉक्टरांच्या काट्यावर त्यांचं वजन चोपन्न भरलं होतं, आणि डॉक्टरांनी रक्तदाबही चांगला सांगितला होता.

"मी चालेन का?" त्या म्हणाल्या.

संध्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "आज्जी, चेष्टा करू नका. तुमचं वय काय, अन् तुम्ही..."

"वयाचं काय घेऊन बसलीस? आता माझी पाळी चार खांद्यांवर जायची. त्याआधी एका खांद्यावर जाऊन बघते. पार्थला सांगायचं नाही, एवढंच."

साडीत ही उचल होत नाही, म्हणून कल्याणीची विसरलेली ट्रॅक पॅन्ट बाईंनी घातली, वरून पार्थचा जुना शर्ट. आरशात बघितलं आणि त्या बराच वेळ हसल्या. मैदानावर मात्र कुणी हसलं नाही. हसायची कुणाची टाप नव्हती, कारण जगन्नाथ मास्तर समोर उभे होते.

जगन्नाथ मास्तर भोकरदनकडचे. एका कारखान्याच्या अग्निशमन विभागात केस पिकवून आलेले, मिशा पिळदार, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आज्जीबाई, चक्कर येते का?"

"नाही."

"घाबरता का?"

"तुमच्या आवाजाला थोडी."

मास्तरांच्या मिशा हलल्या. "मंग झोपा तिथं सतरंजीवर. आता तुम्ही बेशुद्ध हाये. बिलकुल बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. हं संध्या, उचल!"

संध्या पुढं आली, गुडघ्यावर बसली, आणि आधी प्रेमलाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"हे काय करून राह्यली?" मास्तर ओरडले.

"सर, आज्जी मोठ्या हायेत. त्यांच्या पोटात खांदा घालायचा म्हणजे... आधी विचारल्यासारखं."

"घर जळून राह्यलं अन् तू पाया पडून राह्यली! आतल्या माणसाचा कोळसा झाल्यावर मंग हार बी घालशील?"

पोरं खो खो हसली. संध्यानं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिचा हात पायांकडे गेला. घरात मोठ्या माणसाला ओलांडायचं नाही, डोक्यावरून हात न्यायचा नाही, एवढंच शिकत ती वाढली होती. आणि इथं मोठ्या माणसाला धरून भोपळ्यासारखं उचलायचं होतं. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. "एक काम कर. सकाळी आल्या आल्या दिवसभराचा नमस्कार एकदाच करून घे. ठोक भावात. मंग दिवसभर किरकोळ नमस्कार बंद."

हे संध्याला पटलं. रोज सकाळी मैदानात पाऊल टाकलं की ती बाईंना वाकून नमस्कार करायची, पोरं ओरडायची, "झाला का ठोक?" आणि मग तालीम सुरू व्हायची. तिचा प्रश्न सुटला.

मग बाईंचा सुरू झाला.

पहिले काही दिवस त्या बोलायच्याच. खांद्यावर आडव्या पडल्या पडल्या सांगायच्या, "डावीकडं बादली आहे गं," "त्या पोराला म्हणावं पाइप उचल." मास्तर कपाळावर हात मारायचे. "आज्जीबाई, जन्मभर लोकांना बोलायला जोडून दिलं ना? आता स्वतःची लाइन कट करा." ते जमलं. बाई गप्प राहायला लागल्या. पण संध्या पळायला लागली की त्यांचे लोंबते पाय तिच्या पोटावर, मांडीवर आपटायचे, आणि पाय लागला रे लागला की बाईंचा मोकळा डावा हात उठायचा, तिच्या पाठीला लागायचा आणि स्वतःच्या कपाळाकडं जायचा. त्या आडव्या अवस्थेत. बाईंचं लक्षसुद्धा नसायचं. हात हलला की सगळं वजन एका बाजूला कलायचं आणि संध्या झोकांडी खायची. एकदा दोघी धुळीत लोळल्या.

"बेशुद्ध माणूस नमस्कार करतो का?" मास्तर आता बाईंवर ओरडायचे. "परीक्षेला बाहेरचे साहेब येणार हायेत. जखमी हलली का उचल बाद. बराबर ध्यानात ठेवा."

"अहो, पण पाय लागतो ना तिला!"

"लागू द्या! लाथ मारली तरी चालंल!"

घरी आल्यावर संध्यानं लाथेची शिकवणी लावली. संध्याकाळी बाई कॉटवर पाय सोडून बसायच्या, ती खाली भाजी निवडायला बसायची आणि म्हणायची, "मारा." बाई अंगठ्यानं तिच्या पाठीला हळूच ढोसायच्या आणि हात गेलाच.

"ह्याला काय लाथ म्हणतात का? आमच्या गावची शेळी बी याच्यापेक्षा जोरात मारती."

"मारते गं, मारते." पुन्हा अंगठा, पुन्हा हात.

"आज्जी, हातावर बसा."

त्या हातावर बसल्या. पाय मारला. हात बुडाखाली वळवळला. दोघीही हसून हसून आडव्या झाल्या. पण परीक्षा जवळ येत होती, आणि हसू ओसरल्यावर संध्या नुसतीच मेथीच्या काड्या मोडत राहायची.

"मला काई वाटत न्हाई, आज्जी," एकदा ती म्हणाली. "मी सांगते ना. लागू द्या पाय."

"मला वाटतं," बाई म्हणाल्या, आणि पाय कॉटवर ओढून घेतले.

त्यांना माहेर आठवलं होतं. अंबडचं घर. पाय लागला तर नमस्कार करायचा, हे आईनं हातावर छड्या मारून शिकवलं होतं. माणसाला लागो, पुस्तकाला लागो, केरसुणीला लागो, दारातल्या कुत्र्याला लागो. परसदारी सरपण टाकायला ज्या बायका यायच्या त्यांना मात्र पाय लागला तर नमस्कार करायची रीत नव्हती. त्यांना चुकून पाय लागला तर अंघोळ करायची. प्रेमला तेव्हा परकरी पोर. एकदा धावता धावता तिचा पाय एका बाईच्या मोळीला लागला, पुढं बाईलाही लागला, आणि तिनं शिकवल्याप्रमाणं हात लावून नमस्कार केला. आईनं तिला तशीच बखोटीला धरून न्हाणीघरात नेलं. संध्या त्या बायकांच्या पणतीच्या वयाची. आता हिला मुद्दाम पाय मारायचा आणि हात खाली ठेवायचा, हे डोक्याला पटत होतं. हाताला पटत नव्हतं. हे त्यांनी संध्याला सांगितलं नाही, दुसऱ्या कुणालाही नाही. सांगून काय होणार होतं?

परीक्षा दिवाळीच्या आधी, एका सकाळी झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते, अंगात कडक गणवेश, हातात शिट्टी. संपत जीप घेऊन आला होता आणि गेटबाहेर बोनेटला टेकून उभा होता. पास झाली तर पेढे, नाही झाली तर सामान, दोन्हीची तयारी ठेवून.

परीक्षकांनी ट्रॅक पॅन्टमधल्या प्रेमलाबाईंना बघितलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं. "ही कुठली जखमी आणली तुम्ही? उद्या काही झालं म्हणजे?"

मास्तर काही बोलायच्या आत बाई पुढं झाल्या. "साहेब, आग लागली की तरणी पोरं पळून जातात. आत राहतं कोण? माझ्यासारखंच माणूस ना? मग परीक्षेला तरणी जखमी कशाला?"

साहेबांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर आकाशाकडं बघत होते. "डॉक्टरनं तपासलंय का?" "काल बी तपासलं, आज बी," मास्तर म्हणाले. साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. पण नियम सगळ्यांना एकच. जखमीनं हात-पाय हलवला, तोंड उघडलं, तर उचल बाद. दुसरी संधी नाही."

शेडमध्ये ओल्या कडब्याचा धूर केला होता. बाई आत सतरंजीवर जाऊन पडल्या. सकाळी ठोक नमस्कार होऊन गेला होता. धुरात डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांना वाटलं, आत असं असतं तर. फोनच्या त्या टोकाला असं असतं.

शिट्टी वाजली. संध्या सरपटत आत आली, हात चाचपत आला आणि बाईंच्या दंडाला लागला. तिनं पायांकडं बघितलंसुद्धा नाही. बसवलं, खांदा घातला, उठली. बाई आडव्या झाल्या. शेडचं दार बुटकं होतं, तिथं तिला गुडघ्यात वाकून वळावं लागलं, आणि वळताना बाईंचा डावा पाय चौकटीला थडकून उलटा फिरला आणि धाडकन संध्याच्या पोटात बसला. इतका जोरात कधीच बसला नव्हता. तिच्या तोंडातून "अग आई" निघालं आणि ती जागच्या जागी डोलली.

बाईंचा हात निघाला. त्यांनी तो निघताना बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

आणि संध्या ओरडली, "हात खाली टाक, म्हातारे! मरायचंय का?"

गेटवर संपतनं बोनेटची टेकण सोडली. प्रेमलाबाईंना असं कुणी बोलून कित्येक वर्षं झाली होती. एक्स्चेंजमध्ये एक सुपरवायझर बाई होत्या, त्यांच्यानंतर कुणीच नाही. त्या आवाजापुढं हातानं काही विचारलं नाही. तो जिथं होता तिथूनच खाली पडला आणि मेलेल्या सापासारखा लोंबत राहिला. संध्या सावरली, दाराबाहेर आली, वाटेत ठेवलेल्या पिंपाला वळसा घातला आणि धावत जाऊन बाईंना चटईवर ठेवलं. शिट्टी वाजली.

साहेब पुढं आले. "हात हलला होता."

"सर," जगन्नाथ मास्तर म्हणाले, "दारात पाय थडकला, झटका बसला, हात हलला. बेशुद्ध माणसाचा बी हलतो. पोतं बी हललं असतं. अन् पोरीनं जखमीला आवाज दिला, ते तर नियमातच हाये. धीर द्यायचा, बोलतं ठेवायचं."

"हा धीर होता?"

"आमच्याकडं असाच देतात, सर."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. त्या अजून डोळे मिटून निपचित पडल्या होत्या, कारण त्यांना उठायला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब हसले. "पास," म्हणाले. "उठवा त्यांना."

संध्या चटईजवळ बसली. "आज्जी, उठा. झालं. आज्जी, मी तुम्हाला म्हातारे म्हणले..."

प्रेमलाबाईंनी डोळे उघडले. त्या उठून बसल्या, पाय लागला होता तिथं संध्याच्या पोटाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला नेला.

"राहिला होता," त्या म्हणाल्या.

संपत गेटातून आत आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्याचा पुडा होता. पहिला पेढा त्यानं बाईंना दिला आणि म्हणाला, "माफ करा माय, पोरगी तोंडाची फटकळ हाये. आईवर गेली." बाई म्हणाल्या, "बरं झालं गेली."

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली.

कल्याणी भोकरदन तालुक्यात तलाठी आहे. अंगानं भरली आहे. तिला आता कुणी उचलू शकणार नाही, असं तीच सांगते. ट्रॅक पॅन्ट तिनं परत मागितली नाही.

जगन्नाथ मास्तरांचे गुडघे गेले. ते गावी परतले आणि नातवंडांना दोराच्या गाठी शिकवतात; घरातल्या शेळ्यांची दावी आता परक्याला सुटत नाहीत. वंदनाला मुलगी झाली. कांताबाई अजून तिथंच झाडतात, आणि जखमी व्हायला आधी मलाच विचारलं होतं, असं नव्या पोरींना अभिमानानं सांगतात.

संपतच्या जीपच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत "अग्निशमन" लिहिलेलं आहे. त्यामुळं पोलीस अडवत नाहीत, असा त्याचा समज आहे. संघपाल ठरल्याप्रमाणं जालन्याला आला आणि प्रेमलाबाईंच्या पुढच्या खोलीतच राहिला. त्याच्या इंजिनिअरिंगपेक्षा त्याची भूक मोठी, असं बाई म्हणायच्या.

पार्थला कुणीतरी परीक्षेचा व्हिडिओ पाठवलाच. तो दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन जायला आला. तेव्हा बाई गेल्या नाहीत, पण पुढं मोतीबिंदू झाला तेव्हा गेल्या. आता त्या पुण्याला सातव्या मजल्यावर राहतात. गेल्या गेल्या त्यांनी पहिल्यांदा जिना कुठं आहे ते विचारलं आणि लिफ्टसमोर ठेवलेली शेजाऱ्यांची सायकल हलवायला लावली.

संध्याला एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात नोकरी लागली. पहिलं वर्ष तिला बंबावर चढूच दिलं नाही, मुलगी म्हणून फोनवर बसवलं. तिनं बाईंना कळवलं, "आज्जी, एवढं उचलायला शिकले अन् तुमच्याच खुर्चीत येऊन बसले." नंतर तिला गाडीवर घेतलं. आता मोठ्या आगीची वर्दी असली की ती काम आटोपल्यावर, अंगाला धुराचा वास असतानाच, पुण्याला फोन लावते. बाई नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाहीत. "सुटला का?" एवढंच विचारतात. बहुतेक वेळा उत्तर हो असतं. नसतं तेव्हा संध्या तसं सांगते, आणि बाई "बरं" म्हणून थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात.

कॉलेजनं पुढच्याच वर्षी रबराचा बाहुला आणला, पंचावन्न किलोचा, न भिजणारा. मुली आता त्यालाच उचलतात. त्याला सगळे आज्जी म्हणतात. सकाळी तालमीला उतरताना प्रत्येक मुलगी आधी त्याच्या पायांना हात लावते, आणि मैदानातली पोरं ओरडतात, "झाला का ठोक?" हे का करायचं, ते नव्या मास्तरांना माहीत नाही. त्यांनी एकदा ते बंद करून बघितलं. त्या दिवशी दोघी-तिघींच्या हातून बाहुला पडला, म्हणून पुन्हा सुरू केलं.